वाघमोडे सरांनी पारखलेला कॅमेरा

"बाई, शेरडाची पारख हाय का तुमास्नी?"

इंजिनिअरिंग कॉलेजात मी नोकरीला लागले त्या दिवशी आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागप्रमुखांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माझा जन्म सोलापूर शहरातला. आई शिक्षिका, वडील कारकून. शेळीशी आमच्या घराचा संबंध आला तो बालवाडीच्या तक्त्यापुरता. मी नाही म्हटलं. वाघमोडे सरांनी माझ्या प्रमाणपत्रांची फाइल न उघडताच बाजूला सारली आणि मनापासून हळहळत म्हणाले, "मग कॅमेरा घिताना लई जड जानार तुमाला."

मी तेव्हा मशीन व्हिजन या विषयात एम.टेक. करून आले होते. यंत्राला कॅमेऱ्यातून बघायला शिकवायचं आणि बघून चांगलं-वाईट ओळखायला लावायचं, असा तो विषय. दोन वर्षं मी त्यावर रात्रंदिवस अभ्यास केला होता आणि त्यात कुठंही शेळी आली नव्हती. माणूस थोडा सटकलेला आहे, असं मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, पगार वेळेवर होतो ना? मग असू दे.

सर बुटके, काळेसावळे, कायम अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. खिशात एक भिंग, एक मोजपट्टी आणि मूठभर भाजलेल्या शेंगा. सांगोल्याकडच्या कोरड्या मुलखात त्यांच्या घरची मेंढरं आणि शेरडं होती. थोरले दोघे भाऊ अजून तोच उद्योग करत होते. सर दहावीपर्यंत कळपामागं हिंडत शिकले, नंतर वसतिगृहात, नंतर कॉलेजात. पण त्यांच्या डोक्यातून कळप काही हलला नाही. जगातली कुठलीही वस्तू ते शेरडू बघावं तशी बघत. आधी लांबून, मग जवळून, मग तिला चालवून, आणि किंमत सगळ्यात शेवटी. नवीन प्राध्यापक विभागात आला की त्यालाही ते जिना दोनदा चढायला-उतरायला लावत. मलाही लावला होता. मला वाटलं, बहुतेक वरच्या मजल्यावर काहीतरी काम असेल.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आदी उजेड, मग डोळा, आक्कल शेवटाला." म्हणजे यंत्राला बघायला शिकवायचं तर आधी प्रकाशाची सोय बघा, मग कॅमेरा घ्या, कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम अगदी शेवटी. प्रोग्रॅम लिहिण्याचं काम माझं असल्यामुळं हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आमच्या विभागात मला अधिकृतपणे "शेवटाला" बसवलेलं होतं.

कॅमेरा घ्यायचा तर कॉलेजकडं पैसे नसत. असले तरी ते बागेतल्या कारंज्याला लागत. त्यामुळं स्वस्तातला पण कामाला चोख असा कॅमेरा शोधणं, ही सरांची तपश्चर्या होती. बाजारात जो येईल तो कॅमेरा ते आठवडाभर "बगायला" म्हणून आणत आणि त्याची परीक्षा घेत. पहिली परीक्षा टेबलफॅनची. फॅनच्या पात्यावर खडूची रेघ मारायची, फॅन जोरात सोडायचा आणि कॅमेऱ्यानं फोटो काढायचा. बहुतेक स्वस्त कॅमेरे चित्र वरून खाली ओळीओळीनं टिपतात. तेवढ्यात पातं पुढं सरकलेलं असतं. मग फोटोत पाती केळीच्या पानासारखी वाकडी दिसतात. सर तो फोटो बघून मान हलवत. "पाय वाकडं हाईत. पळत्या मालावर ह्यो टिकनार न्हाय."

दुसरी परीक्षा छत्रीची. कॅमेऱ्यासमोर एक पांढरा टॉवेल ठेवायचा आणि सरांनी अचानक काळी छत्री उघडून चित्रात शिरायचं. बरेच कॅमेरे समोर काळं आलं की आपोआप उजेड वाढवतात आणि मग पांढरा टॉवेल चुन्यासारखा फटफटीत होऊन त्यावरचं सगळं पुसून जातं. अशा कॅमेऱ्याला सर "बुजरा" म्हणत. उजेडाचं माप आपण ठरवून द्यायचं आणि कॅमेऱ्यानं ते मुकाट पाळायचं, असा त्यांचा आग्रह होता. तिसरी परीक्षा उन्हाची. मे महिन्यात कॅमेरा दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये चालू ठेवायचा. त्या परीक्षेत दोन कॅमेरे आणि एकदा खुद्द मी आडवी झाले होते.

एकदा पुण्याहून एक विक्रेता आला. टाय लावलेला, गोरागोमटा. त्याच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल इतके, की आकडा सांगताना तो मध्ये श्वास घेऊन दोन हप्त्यांत सांगायचा. सर शेंगा सोलत ऐकत राहिले. मग मला म्हणाले, "बाई, बाजारच्या दिवशी सकाळी बोकडाला मीठ चारत्यात. मग त्ये बालदीभर पानी पितं. वजन काट्यावर लई भरतं. घरी आनलं की दोन तासांत सगळं अंगनात." तो विक्रेता माझ्याकडं बघू लागला. मी त्याला सरांच्या म्हणण्याचा अर्थ सांगितला, की आकडा मोठा असला तरी आतली काच आणि उजेड टिपणारा आतला सेन्सर बारका असेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. त्यानं कपाळावरचा घाम टायनं पुसला.

पण त्याच्याच बॅगेच्या तळाशी एक काडेपेटीएवढा कॅमेरा होता. रंग दिसत नाहीत, काळं-पांढरंच दिसतं, चित्र लहान, डबा ओरखडलेला. प्रदर्शनात दाखवून दाखवून जुना झालेला. सरांनी तो उचलला, भिंगातून बघितला, फॅनपुढं धरला. पाती सरळ! सर छत्री घेऊन चित्रात शिरले, कॅमेरा ढिम्म. सरांचे डोळे लकाकले, पण चेहरा त्यांनी इतका दुःखी केला, की विक्रेत्याला वाटलं कोणीतरी गेलं.

मग सरांनी खिशातला मोठा रुमाल काढला, विक्रेत्याच्या उजव्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्याची बोटं पकडली. सांगोल्याच्या बाजारात भाव असाच ठरतो. चारचौघांना ऐकू जाऊ नये म्हणून कापडाखाली बोटं दाबून आकडा सांगायचा. त्या बिचाऱ्याला हे कुठून माहीत असणार? प्रयोगशाळेत, दार लावलेलं, एक अनोळखी गृहस्थ आपला हात रुमालाखाली दाबतोय आणि डोळ्यांत रोखून बघतोय. तो माझ्याकडं मदतीसाठी बघू लागला. सरांनी दोन बोटं दाबली. तो "सर, सर" म्हणाला. सरांनी अजून अर्धं पेर सरकवलं. तो घाबरून "हो, हो, ठीक आहे" म्हणाला. सरांनी लगेच रुमाल झटकला आणि जाहीर केलं, "ठरला. बाई साक्षीला हाईत." त्या किमतीत साधा मोबाइलही आला नसता. विक्रेत्यानं सही केली आणि चहा न घेता गेला.

तो कॅमेरा नेमका कशासाठी घेतला, ते आता सांगते.

भवानी पेठेत व्यंकटेशशेठ म्हणून एकांचा टॉवेलचा छोटा कारखाना होता. आठ माग, एक पत्र्याची शेड, आणि टोकाला चेकिंगचं टेबल. त्या टेबलावर तीस वर्षं पद्माक्का बसायच्या. मागावरून उतरलेला प्रत्येक टॉवेल त्यांच्या हाताखालून जायचा. गाठ असो, भोक असो, सुटलेला धागा असो, त्यांनी काढला नाही असा दोष नव्हता. पण त्या वर्षी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून एक अख्खा गठ्ठा परत आला. सगळ्या टॉवेलांवर तेलाचे डाग. शेठ वैतागले आणि ओळखीतून आमच्या विभागात आले. "सर, ते कॅमेरानं चेकिंग करतात म्हणे. आपल्याला पण बसवून द्या की. अक्का आता म्हातारी झाली. तिला सोडतो मी."

सर म्हणाले, आधी बघतो. आम्ही दोघं भवानी पेठेत गेलो. सर पद्माक्कांच्या टेबलाजवळ अर्धा तास शेंगा खात नुसते उभे राहिले. पद्माक्का टॉवेल ओढायच्या, दोन्ही तळवे त्यावरून फिरवायच्या, गाठ लागली की बाजूला टाकायच्या. झरझर. परत येताना रिक्षात सर एकदम म्हणाले, "बाई, त्या अक्काला दिसत न्हाय."

मी म्हटलं, काहीतरीच काय.

"परत आलेल्या मालात गाठ एक तरी हुती का? भोक? न्हाय. समदं डाग. डाग हाताला लागत न्हाय, बाई. ती बोटानं बगती."

दुसऱ्या दिवशी सर एकटेच जाऊन पद्माक्कांशी बोलले. त्यांनी कबूल केलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवाळीपासून सगळं धुक्यात. ऑपरेशन का नाही केलं? तर त्या आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाल्या, महिनाभर घरी बसावं लागेल. "महिन्यात शेठ दुसरं कुणाला तरी बसवतंय की सर. एकदा खुर्ची गेली की मग मला कोण घेतंय? लेक नर्सिंगला हाय. अजून दोन वर्सं राहिलंय तिचं." आणि त्यांनी सरांकडून शब्द घेतला, की शेठना यातलं अक्षर सांगायचं नाही.

सरांचा डाव असा होता. कॅमेरा अक्कांच्या जागी नाही, अक्कांच्या शेजारी बसवायचा. तो डाग बघेल, अक्का गाठी बघतील. माल परत यायचा थांबेल, शेठ खूश होतील, आणि मग अक्कांना महिनाभर सोडा म्हणता येईल. तेवढे दिवस कॅमेरा त्यांची खुर्ची राखेल. कॅमेरा फसला तर मात्र शेठ अक्कांनाही काढणार आणि आम्हालाही. म्हणून सर कॅमेऱ्याच्या बाबतीत इतके चिकट झाले होते. त्या पुण्याच्या पोराच्या बोटांना हे ठाऊक नव्हतं, एवढंच.

उजेडासाठी सरांनी मंगळवार बाजारातून प्लॅस्टिकचं एक मोठं घमेलं आणलं. आतून पांढरा रंग दिला, कडेनं बारक्या दिव्यांची पट्टी चिकटवली, बुडाला भोक पाडलं. हे घमेलं टेबलावर उपडं टांगायचं. दिव्यांचा उजेड पांढऱ्या रंगावर आपटून सगळीकडून सारखा पडतो आणि टॉवेलावर सावली राहत नाही. वरच्या भोकातून कॅमेरा खाली बघणार. परदेशात ह्यालाच मोठं नाव आणि मोठी किंमत आहे. सरांनी घमेल्याचं कंपनीचं स्टिकरसुद्धा काढलं नव्हतं.

डाग दिसला की इशारा काय करायचा, यावर आमचा वाद झाला. मी म्हटलं, लाल दिवा लावू. सर म्हणाले, मागांच्या खडखडाटात दिव्याकडं कोण बघतंय? त्यांनी शेळीच्या गळ्यातली एक घंटा आणली आणि तिला बारकी मोटर जोडली. अक्कांना दिवा दिसणार नाही, हे मला फार उशिरा सुचलं.

मांडणी तयार झाली. शेठनी चांगला दिवस काढला. आम्ही गेलो तर शेडच्या दाराला आंब्याचं तोरण, पाटावर तांदूळ, त्यावर आमचा काडेपेटीएवढा कॅमेरा, शेजारी नारळ. नवीन यंत्र आलं की पूजा झाल्याशिवाय ते चालू होत नाही, हे मला माहीतच होतं. आमच्या घरी मिक्सरचीही झाली होती. शेठच्या अम्मांनी कॅमेऱ्याला हळद-कुंकू वाहिलं. डब्याच्या वरच्या बाजूला, नीट, जपून. मी सुटकेचा श्वास सोडला. मग अम्मा म्हणाल्या, "सर, तुमी पण करा की."

सरांनी डोळे मिटले. खिशातून एक पुडी काढली. घरून आणलेला भंडारा, देवाची हळद. त्यांच्याकडं नवं जनावर दावणीला बांधलं की त्याच्या कपाळाला भंडारा लावतात. आता कॅमेऱ्याचं कपाळ कुठं असतं? जिकडं डोळा तिकडंच ना! माझ्या डोळ्यांदेखत, ज्या माणसानं विद्यार्थ्यांना लेन्सला बोट लावलं म्हणून वर्गाबाहेर काढलं होतं, त्या माणसानं अंगठ्यानं भंडाऱ्याचा छानपैकी टिळा लावला. मी खरंच बघितलं असतं तर ओरडले असते. पण "डोळ्यांदेखत" हे मी आता म्हणते. तेव्हा अम्मांच्या सांगण्यावरून मीही हात जोडून डोळे मिटून उभी होते. सगळी शेड डोळे मिटून उभी होती.

कॅमेरा घमेल्यावर चढवला. नारळ फुटला. शेठनी स्वतः पहिला टॉवेल सरकवला. घंटा वाजली.

"डाग!" सर पडद्याकडं बघून आनंदानं ओरडले. "उजव्या अंगाला, वर!"

शेठनी टॉवेल उलटसुलट केला. डाग नव्हता. दुसरा सरकवला. घंटा. "उजव्या अंगाला, वर!" तिसरा. घंटा. चौथा शेठनी कपाटातून काढलेला, लग्नात आहेर द्यायचा, पुडक्यातला कोरा करकरीत टॉवेल होता. त्यालाही घंटा. पडद्यावर प्रत्येक टॉवेलावर एक काळपट ढग दिसत होता. कॅमेरा काळा-पांढरा, हळदीचा पिवळेपणा त्यात येणार कुठून? मी घाईघाईनं प्रोग्रॅममध्ये डोकं खुपसलं. सरांनी दिवे तपासले, मोटर तपासली, घमेल्यावर थाप मारली. घंटा वाजतच होती. एका कामगारानं विचारलं, "शेठ, बकरी कुठं हाय बे?" आणि सगळी शेड हसली.

शेठ हसले नाहीत. "सर, बंद करा आता. तुमचं यंत्र पण जमंना आणि आमची अक्का पण जमंना. मी बघतो दुसरं काय तरी."

सर खाली बसले. मी त्यांना असं बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि तेवढ्यात इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या पद्माक्का पुढं आल्या.

"सर, प्रत्येक टायमाला तुमी उजव्या अंगाला, वर, असंच म्हणतंय की."

"व्हय अक्का."

"मागाचा दोष असा एका जागी उभा राहतंय होय? मागाचा दोष चालतंय. कधी हितं, कधी तितं. टॉवेल बदलतंय आणि डाग तिथंच. म्हणजे डाग टॉवेलला नाही. बघणाऱ्याच्या डोळ्यात हाय."

सर एका उडीत स्टुलावर चढले. कॅमेरा काढला, उलटा केला, स्वतःच्या पिवळ्या अंगठ्याकडं बघितलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "माज्या आयला!" देवाच्या पूजेनंतर पाचव्या मिनिटाला. अम्मांनी कानांवर हात ठेवले.

पद्माक्कांनी हाताला लागेल तो मऊ कापडाचा तुकडा पुढं केला. सरांनी काच पुसली. कॅमेरा परत चढला. पहिला टॉवेल, घंटा गप्प. दुसरा, गप्प. मग शेठनी परत आलेल्या गठ्ठ्यातला टॉवेल गुपचूप मध्ये घातला आणि घंटा अशी वाजली, की मलाच दोन थेंब पाणी आलं डोळ्यांत. शेठनी पंधरा-वीस टॉवेल फिरवून बघितले. एक डाग सुटला नाही. एक गाठ मात्र कॅमेऱ्यानं सोडली. ती पद्माक्कांनी न बघता बोटानं दाखवली.

शेठ खुलले. "बघा सर, यंत्राची चूक अक्कानं काढली. तीस वर्साची नजर हाय ती!"

सगळे हसले. पद्माक्कांनी मात्र टॉवेलावरचे हात मागं घेतले. सरांनी नुसती मान हलवून त्यांना नको, नको म्हणून खुणावलं. पण खूण त्यांना दिसणार कशी? त्या म्हणाल्या, "शेठ, नजर कुठली. मला दिसत नाही."

शेठनी आहेराचा कोरा टॉवेल उचलला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. ते डागाचं गठ्ठं माझ्याच हातून गेलंय. आता तुमी काढा, ठेवा, काय पण करा. मला खोटं बोलून कंटाळा आलंय."

शेठ कितीतरी वेळ कोऱ्या टॉवेलाची घडी घालत राहिले. ती घडी त्यांना जमत नव्हती. शेवटी त्यांनी टॉवेल टेबलावर टाकला आणि खेकसले, "मग आधी सांगायला काय झालं होतं? जा. ऑपरेशन करून ये. तोवर हे घमेलं बसंल तुझ्या जागी. पण गाठी कोण बघणार? लवकर ये." पद्माक्का खुर्चीचा हात धरून खाली बसल्या आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. सर त्यांच्याजवळ गेले, काहीतरी धीराचं बोलावं म्हणून तोंड उघडलं, आणि खिशातून मूठभर शेंगा काढून त्यांच्या ओंजळीत ठेवल्या.

डोळ्याच्या दवाखान्यात पद्माक्का, त्यांची लेक आणि मी गेलो. सर मागोमाग आलेच. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यात बसवायच्या काचेत दोन-तीन प्रकार असतात. एवढं ऐकल्यावर सरांनी खुर्ची पुढं ओढली. फोकस फिक्स आहे का? आपोआप बदलत नाही ना? काच ओरखडते का? दोन वर्षांनी पिवळी पडते का? डॉक्टर तरुण होते, त्यांना गंमत वाटली. सरांनी खिशातून चिठ्ठी काढली. अक्कांच्या टेबलापासून डोळ्यापर्यंतचं अंतर त्यांनी मोजपट्टीनं मोजून आणलं होतं. "ह्या अंतराला पक्की बसवा. बाकी काय नको. साधी, एकाच अंतराची. तीच टिकती."

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि शांतपणे विचारलं, "आणि या रस्ता कसा ओलांडणार?"

सरांनी चिठ्ठी परत घेऊन खिशात घातली.

"लांबचं स्पष्ट दिसेल अशीच बसवू. टेबलासाठी चष्मा देतो. साधीच काच, काळजी करू नका."

आम्ही बाहेर आलो. मग सर जिन्यात थांबून मला म्हणाले, "बाई, म्या नुसत्या टेबलाचाच इचार केला की वो. बाईमानूस टेबलाभायर बी जगतंय." सरांना ओशाळलेलं मी त्या एकदाच बघितलं. मला ते तेव्हा आवडले होते, त्याआधी कधी नव्हते इतके. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती. त्यांनी मला परत जिना चढायला लावला असता.

डॉक्टरांच्या हातावर रुमाल मात्र मी त्यांना टाकू दिला नाही.

ऑपरेशनं झाली. आधी एक डोळा, मग दुसरा. महिन्याचे दोन झाले, पण खुर्ची राहिली. घमेल्यानं ती राखली. गाठी बघायला शेठ स्वतः बसायचे आणि रोज संध्याकाळी बोटांना तेल लावायचे, असं अम्मांनी सांगितलं. माल परत आला नाही.

पद्माक्का कामावर परत आल्या तो सरांच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. निवृत्तीनंतर ते सांगोल्याकडं, भावांकडं राहायला जाणार होते. मी त्यांच्याबरोबर भवानी पेठेत गेले. पद्माक्का नवा चष्मा लावून टेबलापाशी बसल्या होत्या. आम्ही दारात आलो तसा त्यांनी चष्मा काढला, सरांना खालून वर नीट बघितलं आणि म्हणाल्या, "अय्यो, सर म्हणजे तुमी हाय? आवाजावरून मला मोठं माणूस वाटलं होतं." सर म्हणाले, "मोटाच हाय. उभारल्यावर कळत न्हाय, एवडंच." शेठना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

टेबलाखाली परत आलेला तो गठ्ठा अजून पडून होता. पद्माक्कांनी सकाळीच तो सोडून बघितला होता. प्रत्येक टॉवेलावरचा डाग त्यांना आता दिसत होता. शेठ म्हणाले, पुसायला-बिसायला वापरू, सोड. पण त्या परत परत त्याच्याकडं बघत होत्या. सरांनी ते टिपलं. चहा झाल्यावर निघताना त्यांनी गठ्ठ्यातला एक टॉवेल ओढला, उजेडात धरून पारखला, आणि शेठ नको नको म्हणत असताना तो खांद्यावर टाकून दाराबाहेर पडले. तेलाचा डाग पाठीवर, बशीएवढा, सगळ्यांना दिसेल असा.

मला कॉलेजला जायचं होतं, त्यांना घरी. मी दारातच थांबले. सर गल्लीतून वाट काढत निघाले. बाजूनं सुताची पोती लादलेली हातगाडी गेली, तिच्याआड ते दिसेनासे झाले आणि पुन्हा गल्लीच्या टोकाशी दिसले. पद्माक्का कधी उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, मला कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्यांनी हातानं उन्हाची तिरीप अडवली आणि सगळ्या मागांच्या वर आवाज चढवून ओरडल्या, "सर! ओ सर! पाठीवर डाग दिसतंय!"

सरांनी मागं वळून बघितलं नाही. चालता चालताच एक हात वर केला आणि तिथूनच ओरडले,

"दिसतोय न्हवं अक्का? झालं मग."